पाणी बसून पाहावं

तांडेलनं पाणी उभ्यानं पाहिलेलं मला आठवत नाही. तळ्याच्या काठावर आला की खाकी हाफपँट जराशी वर ओढायचा, उकिडवा बसायचा, हनुवटी गुडघ्याला लावायचा अन् बैलबाजारात शेतकरी बैलाचे दात पाहतो तसा पाण्याकडे पाहत राहायचा. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा घंटा. तोवर आपण बोलायचं नाही, विडी पेटवायची नाही, शीळ तर बापजन्मी घालायची नाही.

"उभ्या माणसाला लाट लहान दिसते," तो म्हणायचा. "बोटीत काय उभा राहून जाणार हायस? बसून जाणार. मग बसूनच बघ, मेल्या."

हा नियम त्यानं सगळ्यांना लावला होता. एकदा एक नवे साहेब आले. टेरिलीनची घट्ट पँट, इस्त्रीची घडी अशी की बोट कापावं. काठावर उभे राहून म्हणाले, "पाणी तर शांत आहे. चला, काढा बोट." तांडेल म्हणाला, "साहेब, खाली बसून बोला." साहेबांना वाटलं, मान देतो आहे. इकडेतिकडे खुर्ची पाहू लागले. तळ्यावर खुर्ची कुठली? शेवटी बसले बिचारे उकिडवे, अन् पँट मागून टर्रकन गेली. मी तोंड फिरवलं. तांडेलच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. म्हणाला, "आता दिसली लाट?" साहेब म्हणाले, "दिसली." त्या दिवशी बोट निघाली नाही. वाऱ्यामुळं की पँटीमुळं, ते साहेबच जाणोत.

तांडेल हे काही त्याचं नाव नव्हे. हजेरीपटावर लांबलचक नाव होतं, पण मी चौथी शिकलेला, अन् हजेरीपट माझ्या हातात कशाला येणार? कोकणात बोटीवरच्या मुख्य माणसाला तांडेल म्हणतात, हे त्यानंच सांगितलं. आमच्या बोटीवर तो अन् मी, असे दोघंच. त्यातला मुख्य कोण, हे सांगायला नको.

कोराडीला वीज केंद्र उभं राहत होतं तेव्हाची गोष्ट. मोठी यंत्रं चढवायला कोकणातून खलाशांची टोळी आली होती. जिथं क्रेन हात टेकायची तिथं ही माणसं दोर, ओंडके अन् आरोळ्या यांच्या जोरावर घराएवढं लोखंड इंच इंच सरकवायची. काम संपलं, टोळी गेली. हा राहिला. मी एकदा विचारलं, "तांडेल, समुद्र सोडून तुम्ही नागपुरात काहून राहिले गा?" तर म्हणाला, "बोट दिसली. बोटीला माणूस नव्हता." बायको-पोरांचं विचारलं की उठून दोर गुंडाळायला लागायचा. मग मी विचारणं सोडलं.

मी त्याआधी नागपूरच्या महाल भागात सायकलरिक्षा ओढायचो. गल्ल्याबोळांतून पाय मारून मारून पोटऱ्या दगडाच्या झाल्या होत्या. ओळखीनं केंद्रावर लागलो अन् पायाचं काम सुटून हाताचं आलं. तळ्यातलं पाणी पंपानं केंद्रात जायचं. पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, तिच्यावर जलकुंभी येऊन चिकटायची, झाडाच्या फांद्या यायच्या, कधी मेलेलं डुक्कर. ते काढायचं, अन् तळ्यात जागोजागी रंगाच्या खुणा केलेला बांबू घालून पाणी किती आहे ते पाहायचं. वल्हं मी मारायचो. मागं बसून दिशा धरायचा तो.

पंपाजवळचे लोक त्याला हसायचे. "काय गा तांडेल, हा काय समुद्र आहे? हे तर ताटातलं वरण आहे!"

तो चिडत नसे. म्हणायचा, "समुद्राची लाट मोठ्या घरची. सावकाश येते, उचलते, सावकाश खाली ठेवते. तुमच्या तळ्याची लाट म्हणजे नळावरचं भांडण. एकीचं बोलून संपत नाय तर दुसरी सुरू."

ते खरंच होतं. वारा सुटला की तळ्यावर हातभर उंचीच्याच लाटा यायच्या, पण अशा एकामागं एक, की बोट पहिलीवरून उतरायच्या आत दुसरी खालून ठोसा द्यायची. दात वाजायचे. तांडेल म्हणायचा, "लाट किती उंच हाय ते शाळेतलं पोर पण सांगेल. दोन लाटांच्या मधी काय हाय ते बघ. त्यात एक श्वास मावला पायजे. सावकाश घेतलेला, सावकाश सोडलेला. मावला तर माणूस सुखानं जातो."

"सुखाचं काय घेऊन बसले?" मी म्हणायचो. "पोचलो म्हणजे झालं."

"पोचतं तर प्रेत पण."

लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागला की तो म्हणायचा, पाण्यानं दात दाखवले. मग कोणाचाही हुकूम येवो, बोट बांधलेलीच. अन् वाऱ्यासाठी त्याच्याकडं दोन साधनं होती. केंद्राच्या चिमणीचा धूर वरचा वारा सांगायचा, अन् कॉलनीत वाळत घातलेली लुगडी खालचा. धूर एकीकडं अन् लुगडी दुसरीकडं फडकत असली तर तो डोकं हलवायचा. "हे दोघं भांडतायत. दुपारी आपल्यावर येतील."

त्यावरून एकदा भानगडच झाली. कॉलनीतल्या बायांनी साहेबाकडं तक्रार केली की हा बोटवाला रोज सकाळी आमच्या दोऱ्यांकडं टक लावून पाहतो. साहेबानं बोलावलं. हा हाफपँटवर उभा. "साहेब, मी लुगडी बघतो. बाया नाय बघत." साहेब म्हणाले, "लुगडी तरी कशाला पाहता?" तर हा तिथंच उकिडवा बसून त्यांना वारा समजावून सांगू लागला. साहेबांनी हात जोडले.

मी घरी येऊन हसत हसत हे सांगितलं. बायको हसली नाही. म्हणाली, "त्या बिचाऱ्याले वारा पाहायचा आहे तर पाहू द्या ना. आपल्या घरावर लावून देतो मी काहीतरी." अन् दुसऱ्या दिवशी आमच्या मजूर चाळीच्या टोकाला, आमच्या खोलीवर, बांबूला माझं फाटकं धोतर बांधून मोकळी झाली. माझं धोतर अख्ख्या केंद्राला दिसत होतं. मी बोंबललो, तर म्हणाली, "तसंही नेसून फिरले असते तरी दिसलंच असतं. भोकंच तेवढी आहेत."

तेव्हापासून तांडेल तिला बाय म्हणू लागला. तिकडे बहिणीला तसंच म्हणतात म्हणे. ती माझ्या डब्यात त्याच्यासाठी भाकर अन् झुणका द्यायची. तो खायचा, डोळ्यांतून पाणी गाळायचा अन् म्हणायचा, "ह्या तुमच्या तिखटापेक्षा वादळ बरं." मी निरोप पोचवायचो. ती दुसऱ्या दिवशी आणखी एक मिरची टाकायची. एकमेकांशी ही दोघं समोरासमोर फार कमी बोलली असतील. सगळं भांडण माझ्या डब्यातून चालायचं.

आणखी एक खोड सांगतो. बोटीत माणसं बसायची असली की तो एकेकाच्या तोंडाकडं पाहायचा. साहेबांचे पाहुणे आले होते, हिवाळ्याचे दिवस, पाणी गुळगुळीत. सहा जण चढायला उभे. त्यात साहेबांची सासू, पांढरं लुगडं, हातात पिशवी घट्ट धरलेली. तांडेल तिला म्हणाला, "आजी, आज तुमचं पाणी नाय."

साहेब तापले. "अहो, पान हलत नाही! कसलं पाणी नाही?"

"बोट माझ्या पाण्यावर निघत नाय, साहेब. बोटीत जो सगळ्यात कच्चा, त्याच्या पाण्यावर निघते."

म्हातारी पटकन म्हणाली, "मी सकाळपासून हेच म्हणते आहे, पण माझं ऐकतो कोण?" अन् झाडाखाली जाऊन बसली. मग तिच्याजवळ तिची लेक थांबली, लेकीसाठी साहेब थांबले. पाहुणे तेवढे फिरून आले. मला तेव्हा वाटलं, हा माणूस उगाच आव आणतो. मनात म्हटलं, कामचुकार आहे लेकाचा.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी बायकोला दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. तिचं माहेर तळ्याच्या बरोबर पल्याड. आमच्या काठावरून तिच्या गावची कडुनिंबाची झाडं दिसायची. उन्हाळ्यात बैलगाडीनं तळ्याला वळसा घालून जाता यायचं, पण पावसाळ्यात मधला नाला भरला की रस्ता बंद. आठवा लागला तेव्हा मी तिला पोचवून आलो. पोळ्याच्या आधी.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी लहान पोरांचा तान्हा पोळा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला माझा साळा छातीएवढ्या पाण्यातून नाला पार करून धापा टाकत आला. "बाईचं पोट दुखून राहिलं, भाऊजी. रक्त जाऊन राहिलं. दाई म्हणते, माझ्या हातचं काम नाही, नागपूरच्या दवाखान्यात न्या. नाल्यातून गाडी निघत नाही."

वारा पहाटेपासून सुटला होता. चिमणीचा धूर ओल्या गोधडीसारखा आडवा पडला होता. तळ्यानं पार पलीकडपर्यंत दात काढले होते. मी तांडेलकडं पाहिलं. तो त्या दिवशी बसला नाही. पाण्याकडं पाहिलंच नाही त्यानं. दोर सोडला अन् म्हणाला, "चल."

साळ्याला जीप सांगायला साहेबाकडं धाडलं अन् आम्ही निघालो. कसे गेलो ते सांगता येत नाही. लाट पुढून यायची अन् सरळ मांडीवर पडायची. तो एका हातानं मागचं वल्हं धरून दुसऱ्या हातानं डब्यानं पाणी उपसत होता. बोट आपटायची तेव्हा पाठीच्या मणक्यातून मस्तकात कळ जायची. हाताची सालं निघाली. पण पोचलो.

गावकऱ्यांनी तिला खाटेवर घालून काठावर आणलं होतं. तोंड पांढरं पडलं होतं. सासू रडत होती, दाई तिचे पाय धरून बसली होती. अर्धा गाव जमला होता. मी खाटेचा एक पाय धरला अन् म्हटलं, "उचला."

तांडेल म्हणाला, "थांब." तो खाटेजवळ गेला, वाकला, हळू आवाजात तिला काहीतरी विचारलं. तिनं काहीतरी सांगितलं. मग तो दाईला म्हणाला, "किती वेळ काढेल?" दाई म्हणाली, "रक्त सध्या कमी आहे. हलवलं नाही तर दोन घंटे काढंल. पण त्याच्या वर नाही."

तांडेल माझ्याकडं वळला. "आत्ता नाय."

"काय नाही?"

"बोट काढत नाय मी. वारा पडेपर्यंत थांबायचं."

"आत्ताच तर आलो ना आपण याच पाण्यातून!"

"आपण आलो. ते आपलं पाणी होतं. हिचं नाय." तो मला शांतपणे सांगत होता, जसं काही जाळीवरची जलकुंभी कुठून उपटायची ते सांगतो आहे. "येताना दोघं होतो, बोट हलकी, तरी निम्मी भरली. आता दाई धरून चौघं. ही खाली फळीवर निजणार. पाणी हिच्या अंगाखाली साचणार अन् प्रत्येक लाट खालून फळीला हाणणार. रक्त थांबेल का वाढेल? तूच सांग."

मला फक्त पलीकडचा काठ दिसत होता.

मग त्यानं जे केलं ते त्या गावात लोक कित्येक वर्षं सांगत. बोट काठापासून वीस हात आत ढकलून दोरावर धरली. दोराचं टोक काठावरच्या दोघांच्या हातात दिलं. गावातून पितळेचा लोटा मागवला, काठोकाठ भरला. अन् जिथं तिला निजवायचं त्याच फळीवर स्वतः उताणा निजला. लोटा पोटावर ठेवला, डोळे मिटले. पन्नाशीचा माणूस, पांढऱ्या मिशा, हाफपँट, अन् पोटावर लोटा. पहिल्याच लाटेला अर्धा लोटा त्याच्या अंगावर सांडला. पोरं खिदळली. त्यानं उठून पाणी उपसलं, लोटा भरला, पुन्हा निजला. पुन्हा सांडला. पुन्हा भरला.

माझं डोकं फिरलं. मी पाण्यात शिरलो, वल्हं उचललं अन् त्याच्या डोक्यावर धरलं. "उठ, भित्र्या! माझी बायको मरून राहिली अन् तू इथं तमाशा लावला? तुझी बायको असती तर निजला असता का असा?"

त्यानं डोळे उघडले नाहीत. "माझी असती तर मी पण असाच ओरडलो असतो," तो म्हणाला. "अन् दुसरा कोणीतरी इथं निजला असता."

खाटेवरून तिचा आवाज आला. फार बारीक, पण आला. "अहो, ठेवा ते वल्हं. तांडेलभाऊ, किती वेळ?"

"बाय, धूर बघ. धुरानं मान वर केली की निघू."

पलीकडं चिमणी दिसत होती. सगळा गाव धुराकडं पाहू लागला. मी पाहिलं नाही. मी पाण्यात गुडघाभर उभा राहिलो अन् त्याला शिव्या देत राहिलो. आईवरून, बापावरून, कोकणावरून. जवळ घड्याळ नव्हतं. पण मी हिशेब धरला होता, दीड घंटा. तो दीड घंटा मी पुढं कित्येक दिवस विसरलो नाही.

मग धुराचं टोक जरासं उचललं. मग पुरतं उभं राहिलं. तांडेल शेवटचा निजला तेव्हा लोट्यातून थेंबभर पाणी सांडलं. तो उठला. "आणा हिला."

फळीवर तणस पसरलं, वर गोधडी, तिच्यावर ती. दाईला घेतलं. सासू चढू लागली तर म्हणाला, "आई, तुम्ही नाय. तुमच्या वजनानं बोट दबेल." सासू मागं झाली. अन् तो सरळ गेला नाही. तळ्याच्या एका अंगाला टेकडी होती, तिच्या कडेकडेनं नेलं, जिथं वारा अडत होता. वाट दुप्पट झाली. मी म्हटलं, "सरळ घ्या." तो म्हणाला, "हळू मार. अजून हळू." टेकडी संपली तिथून त्यानं बोट तिरकी केली, लाट मागून घेतली. लाट यायची, बोटीला हळूच वर घ्यायची, खाली ठेवायची. अर्ध्या वाटेवर पाहतो तर तिचा डोळा लागला होता.

जीप उभी होती. दवाखान्यात संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "बाई वाचली. मूल मेलेलं आलं." मग म्हणाल्या, "धक्के खात आणली असती तर हीसुद्धा हाती लागली नसती." हे दुसरं वाक्य मी कानानं ऐकलं. डोक्यात शिरलं ते पहिलं.

मी सगळ्यांना सांगत सुटलो, तांडेलच्या दीड घंट्यानं माझं लेकरू खाल्लं. पंपावर सांगितलं, चाळीत सांगितलं, पानाच्या ठेल्यावर सांगितलं. त्याच्या तोंडावर सांगितलं. तो वाकून बोटीतलं पाणी उपसत राहिला. मग मी बोलणं बंद केलं. एका बोटीत दोन माणसं, अन् दोन महिने एक शब्द नाही. तो म्हणायचा, "डावं मार." मी डावं मारायचो. तेवढंच. डबा मी एकट्याचा न्यायचो. बायको दोघांचा भरून द्यायची, तर मी वाटेत त्यातलं अर्धं कुत्र्याला घालायचो. हे तिला ठाऊक नव्हतं, असं मला वाटायचं.

दिवाळी आली. भाऊबीजेला तिचा सख्खा भाऊ सकाळी येऊन ओवाळून घेऊन गेला. संध्याकाळी मी घरी आलो तर पाट मांडलेला, भोवती रांगोळी, अन् पाटावर तांडेल. हाफपँट नव्हती, स्वच्छ लेंगा होता. मला ओळखू येईना आधी. ती निरांजन लावत होती.

मी दारातच उभा राहिलो. "याले कायले बोलावलं वं? ज्यानं आपलं लेकरू खाल्लं त्याले ओवाळून राहिली तू?"

तांडेल उठू लागला. ती म्हणाली, "बसा, भाऊ. अर्ध्यातून उठत नाहीत." तिनं टिळा लावला. तीनदा ओवाळलं, सावकाश. तबक खाली ठेवलं. मग माझ्याकडं न पाहता बोलली.

"लेकरू तान्ह्या पोळ्याच्या सकाळीच गप्प झालं होतं. गावातले पोट्टे लाकडाचे बैल घेऊन दारी येऊन राहिले होते. मी त्याईले बोजारा देत होती, अन् पोटात काही हलत नव्हतं. मले वाटलं, झोपलं असंल. सणाच्या दिवशी कायले अभद्र बोलावं म्हणून आईले नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी काठावर भाऊनं वाकून विचारलं, बाय, पोर हलतंय काय. मी म्हटलं, कालपासून नाही. अन् मीच म्हटलं, आमच्या याईले सांगू नका. याईचे हात गळतील, मंग वल्हं कोण मारंल?"

बोजारा म्हणजे तान्ह्या पोळ्याला पोरांच्या हातावर ठेवतात ते चार-आठ आणे. तिनं तो शब्द उच्चारला तेव्हा तिचा आवाज फाटला, एरवी नाही.

तांडेल खाली मान घालून रांगोळीकडं पाहत होता. "गो बाय," तो म्हणाला, "ठरलं होतं ना आपलं?"

"ठरलं होतं. पण तुमाले शिव्या पडून राहिल्या."

"पडू दे. मला काय फरक पडतो? अजून दोन महिने खाल्ल्या असत्या. तू उगाच बोललीस."

मी म्हटलं, "त्या दिवशी नाही सांगितलं ते ठीक. पण मागून काहून नाही सांगितलं?"

"काय सांगणार?" ती म्हणाली. "तुम्ही पहिलं हेच विचारलं असतं, आदल्या दिवशी काहून नाही बोलली. अन् मंग जन्मभर..." ती पदरानं तबकातलं सांडलेलं कुंकू टिपत बसली.

खरं सांगतो, मी तेच विचारलं असतं. मला मी ठाऊक आहे. तिला दुखणं होतं, लेकरू गेलं होतं, तरी मी तिलाच धरलं असतं. हे त्या दोघांना काठावरच कळलं होतं. म्हणून एकानं गप्प राहायचं ठरवलं अन् दुसऱ्यानं शिव्या खायच्या.

माफी मागायला जमलं नाही मला. आमच्या घरात कोणी कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. हातपाय धुऊन आलो, त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो. तिनं दोघांना फराळ वाढला. माझ्या ताटातला एक अनारसा उचलून मी त्याच्या ताटात ठेवला. तो म्हणाला, "दात दुखतो माझा. हे तुमचं दगडासारखं असतं." अन् खाल्ला. पुरता खाल्ला, खसखससुद्धा वेचून.

"उद्या कधी येऊ?" मी विचारलं.

"सहाला ये. जाळी तुंबलीय."

पुढं सात-आठ वर्षं आम्ही एकाच बोटीवर होतो. मला दोन मुलं झाली, एक मुलगी झाली. बोटीला इंजिन आलं तेव्हा तांडेल म्हणाला, याच्या आवाजात पाणी ऐकू येत नाय, अन् नोकरी सोडून कोकणात गेला. एक पत्र आलं, दुसऱ्याच्या हातानं लिहिलेलं. मग काही आलं नाही.

बायको गेली त्याला सव्वा वर्ष होत आलं. सहा महिने तिला दुखत होतं, असं दवाखान्यात कळलं. घरात ती म्हणायची, काही नाही. मी म्हणायचो, बरं. लेकानं एकदा विचारलं, बाबा, तुम्हाला कसं समजलं नाही? मी त्याच्यावर ओरडलो.

आता दिवसभर बसून असतो अन् तोच काठ डोळ्यांपुढं येतो. तिची आई होती, दाई होती, अर्धा गाव होता. नवरा म्हणून मी होतो. वाकून तिला विचारलं ते एका परक्या माणसानं. मी ओरडण्यात होतो.